उशिरा येणारा धोटा

गांधीबागेतल्या व्यापाऱ्यानं सूत देणं थांबवल्यापासून विणकर मारोतराव खाटेवर पडूनच असत. चंद्रभाननं मित्राची विलायती कॅसेट लावली. फंक, मेटल, सगळं एकाच गाण्यात. आता बाबा ओरडणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

पण मारोतराव उठून बसले.

"यात मागावरच्या धोट्याचा ठोका मुद्दाम उशिरा येऊन राहिला गा," ते म्हणाले, "तरी सूत तुटून नाही राहिलं. पक्का कारागीर आहे. पुन्हा लाव."

चंद्रभाननं चारदा लावली. खाटेवरून लोंबकळणारे बापाचे पाय तालात माग चालवू लागले.

तेवढ्यात आईनं चुलीजवळून विचारलं,



"आयकलं काय, मागाचं एकच लाकूड उरलं. घालू काय चुलीत?"