भर दुपारचा बर्फ

सांगून कुणाला पटायचं नाही, पण भर दुपारी सिंगापूरच्या पुंगोलमध्ये बर्फ पडू लागला, आणि तोही फक्त मार्थाबाई भिंगारदिव्यांच्या दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये. कठड्यापलीकडे रणरणतं ऊन होतं. खाली पोरं सायकली फिरवत होती.

बेल वाजली. दारात तीन अनोळखी माणसं उभी होती. भुवयांवर बर्फ, ओठ निळे.

सिंगापूरला यायच्या आधी मार्थाबाईंचं निम्मं आयुष्य हिमाचलातल्या मिशनमध्ये गेलं होतं. वादळात दारी आलेल्याला नाव विचारायचं नाही, हा तिथला दंडक. "आधी आत या," त्या म्हणाल्या. चादरी दिल्या, चहा दिला, आणि तिघांतल्या म्हातारीचे हात हातात घेऊन चोळू लागल्या.

म्हातारीच्या गालांवर रंग चढला. मार्थाबाईंची बोटं मात्र बधिर होत चालली. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण ते सुटेनात.

"अजून थोडं, बाई," म्हातारी म्हणाली. "फार बरं वाटतंय." उरलेल्या दोघांनी मार्थाबाईंचे दंड धरले. त्या दोघांचे तळवे तव्यासारखे तापले होते.

मार्थाबाईंना ओरडायचं होतं. तोंडातून नुसती वाफ निघाली.

तेवढ्यात शेजारची चैत्राली उघड्या दारातून डोकावली. "पाहुणे आलेत वाटतं! मावशी कुठेयत हो?"

"इथेच होत्या की," म्हातारी हसून म्हणाली.

मार्थाबाई चैत्रालीच्या पायाशीच होत्या. जिवाच्या आकांताने तिला हाका मारत होत्या.

"अगंबाई, लादीवर केवढं हे पाणी!" म्हणत चैत्रालीने स्वयंपाकघरातलं फडकं आणलं आणि ती त्यांच्यावर वाकली.