लांबच्या ग्रहावरच्या खुणा

"आता तुझा हात दे. आणि एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या कशाला गं?"

चंदनाच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. तिचं सगळ्यांना अत्तर लावून झालं, तेव्हा तिच्या हातातून कुपी घेत शेजारच्या भागीरथीअक्का कुरकुरल्या. त्यांनी तिची बाही जराशी वर सारून फाया टेकवला, तशी चंदना कळवळली. मनगटापासून वर पट्ट्याचे वळ होते आणि त्यातला एक फुटून ओला झाला होता.

"दारात अडकला हात," ती म्हणाली.

येलहंका उपनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत. फटके आणि तिचं दाबलेलं ओरडणं आम्हा सगळ्यांनाच ऐकू येतं. पण एरवी खिडकीतून चंद्रसुद्धा न बघणाऱ्या आम्ही पन्ह्याचे पेले उचलले आणि घाईघाईने बातम्यांतल्या त्या लांबच्या ग्रहाबद्दल बोलायला लागलो. तिथे म्हणे काहीतरी जिवंत असल्याच्या खुणा सापडल्यात.

चंदनाचा नवरा अभिराज पन्हं घ्यायला आतल्या खोलीतून आला होता. तो हसला.

"तुम्ही बायका ना, नुसत्या खुणांवरून अफवा उठवता. डोळ्यांनी पाहिलंय का कुणी?"

त्याची आई, जमनाबाई, डाळीची वाटी खाली ठेवून उठल्या आणि सुनेला पाठीशी घालून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.



"मी पाहिलंय, अभि. काल, तू हिला पट्ट्याने मारताना."