दुसरा घास

"उघड तोंड," यित्नायेश म्हणाली.

सासूच्या बोटांतला इंजेराच्या आंबूस धिरड्याचा घास, मसुराच्या आमटीत बुडवलेला, आस्नाकेचच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला होता. समोर गल्लीतली तीन वडीलधारी माणसं बसली होती. कुणाच्याही घरात बिनसलं की हे तिघे येत आणि ते म्हणतील तो शेवटचा शब्द. आस्नाकेचने या घरात राहायचं की गोज्जामला बापाकडे परत जायचं, ते आज ठरायचं होतं.

हाताने भरवलेला घास नाकारणं म्हणजे भरवणाऱ्याच्या थोबाडीत मारणं. तरी आस्नाकेचने तोंड मिटूनच ठेवलं.

"बघा, बघा हिचा ताठा!" यित्नायेश त्या तिघांकडे वळली. "चाळीस घरं माझ्याकडून इंजेरा विकत घेतात. हिलाच तेवढा बाधतो! माहेरी गेली की महिन्याभरात गाल वर येतात, इथे पाऊल टाकलं की पोट धरून बसते. पोटाचं दुखणं कसलं, सासरचं दुखणं आहे हे!"

दोन वर्षं हे चाललं होतं. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग अर्धा दिवस संडासात. अंगावर पुरळ, हातात केसांचे पुंजके. लग्नातला झगा आता खांद्यावरून घसरत होता. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. धर्मगुरूंनी सात पहाटे पवित्र पाण्याच्या गार धारेखाली उभं केलं. त्याने ताप तेवढा आला. एका डॉक्टरने 'मनाचे खेळ' म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मनाचे खेळ म्हणे! जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, पण वंशाला कोणी जात नाही, अक्कल शिकवायला मात्र सगळे येतात.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने काय खाता, कधी खाता, हे नीट विचारलं. "खात्री नाही देता येत," ती म्हणाली, "पण गहू आणि जव सोडून बघा. कणभरसुद्धा नको. दोन महिन्यांत काय ते कळेल." वुबशेत, आस्नाकेचचा नवरा, तेव्हा बाकावर तिचा हात घट्ट धरून बसला होता. जगात एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

तिने पाव सोडला. भाजलेले जव सोडले, घरची बिअर सोडली. फक्त टेफ या बारीक धान्याचा इंजेरा खाल्ला, त्यात गहू-जव काही नसतं. दोन महिने झाले, पोट तसंच. आता तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती. आपण खरंच सोंग करतोय की काय?

तिघांतले सर्वांत म्हातारे आबा झेलेके खाकरले. "हे बघ पोरी, गहू नको म्हणालीस, घरात पाव येणं बंद झालं. आता गहू येणार कुठून?"

"मरियमची शपथ," यित्नायेशने मोकळा हात छातीवर ठेवला. "लाल टेफशिवाय माझ्या पिठात दुसरा दाणा नाही."

"मग झालं तर. घे सासूच्या हातचे दोन घास. एका घासाने वैर, दुसऱ्याने माया, म्हणून तर कोणी एकावर थांबत नाही. नाहीतर ऊठ आणि गाठोडं बांध."

आस्नाकेचने दाराकडे पाहिलं. वुबशेत उंबऱ्यापाशी उभा होता. पंचांना थांबवून कसं ठेवायचं, म्हणून गिरणीतून आणलेलं पोतं अंगणात टाकून तो तसाच आत आला होता. त्याने मान खाली घातली.

ती उठून त्याच्याजवळ गेली. दर शनिवारी जायची तशी. तो गिरणीतून आला की त्याच्या खांद्यावरचं पीठ ती हाताने झटकायची आणि मगच त्याला आत घ्यायची. सवयीने तिचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

टेफ लाल होता. खांद्यावरचं पीठ पांढरंशुभ्र होतं.

तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. "वुबशेत, हे कसलं पीठ?"

"गिरणीत सगळ्यांचंच उडतं की!" यित्नायेश घाईने म्हणाली.

"त्याला बोलू दे," आबा झेलेके म्हणाले. "बोल बाळा. मरियमची शपथ घेऊन बोल."

वुबशेतने शपथ घेतली नाही. "थोडाच असतो," तो पुटपुटला. "पोत्यामागे चार-पाच किलो गहू, गिरणीत वेगळा दळून मिसळतो. टेफ किती महाग झालाय, तुम्हाला माहीत आहे, आबा. सगळेच घालतात."

थोडाच! 'कणभरसुद्धा नको' हे त्याने तिच्या शेजारी बसून, तिचा हात हातात धरून ऐकलं होतं. आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी गहू मिसळलेलं पोतं खांद्यावरून घरी आणलं होतं. तिने ते पीठ मायेने झटकलं होतं. आस्नाकेचच्या अंगाची लाही लाही झाली. सासूचं एक वेळ सोडा, ती उघड उघड वैरीण. पण हा?

ती ताटापाशी बसली, इंजेराचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला, नीट घास केला. घास घेऊन ती वुबशेतसमोर उभी राहिली.

"शाबास पोरी," आबा झेलेके म्हणाले. "चुकला बिचारा. घरातलं घरात मिटलेलं बरं."

वुबशेतचे डोळे भरून आले. त्याने आ केला. तिने घास त्याच्या तोंडात ठेवला. त्याने तो चावला, गिळला आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.

आस्नाकेच हात पुसून गाठोडं बांधायला आत गेली.