करंट गेल्यावर

डिचोलीच्या बाजारात सिद्धीचं शिवणाचं दुकान होतं. भर दुपारी करंट गेला, मशीन थांबलं, तशी ती मोबाइल घेऊन गावच्या ग्रुपवरच्या वादात उतरली. वाद नव्या मीटरचा होता. आधी पैसे भरायचे, मगच वीज मिळायची.

"हातावर पोट असणाऱ्यानं काळोखात बसायचं काय?" तिनं तावातावानं लिहिलं.

गौरेश नावाच्या कुणीतरी लगेच उत्तर दिलं. त्याला ग्रुपवर कुणीच ओळखत नव्हतं. "वीज नाही म्हणून रडता, आणि तुमच्याकडे तर आत्ताही पंखा फिरतोय."

सिद्धीनं वर पाहिलं. पंखा निपचित होता. तिची ओढणी घामानं भिजली होती.

"कमलताई, तुमच्याकडे करंट आला काय?" तिनं शेजारच्या दुकानात हाक दिली.

"खंय गो! अख्ख्या बाजारात नाही."

सिद्धीनं रागानं लिहिलं, "उगाच खोटं बोलू नका. माझा पंखा बंद आहे."

"दुकानातला नव्हे," उत्तर आलं. "बाळावरचा."

बाळ मागच्या खोलीत झोळीत निजलं होतं. त्या खोलीत पंखा कधी बसवलाच नव्हता.

ती उठली. खोलीच्या दाराचा पडदा आतल्या वाऱ्यानं फुगला होता. पलीकडून संथ घरघर येत होती, आणि बाळ कुणीतरी खेळवत असल्यासारखं खुदखुदत होतं.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तोच हातातला मोबाइल थरथरला.

"हळू," गौरेशनं लिहिलं होतं. "दचकेल ते."