गाडी शांत झाली

"डांबर ते डांबर," असं म्हणत नवऱ्याने गच्चीच्या गळतीला लावतात ती काळी शीट गाडीच्या दारांत डकवली. का, तर रस्त्याचा आवाज आत येऊ नये. गाडीसाठीची वेगळी शीट महाग म्हणे. ती दुकानात चिमटीत धरून पाहिली, दुकानदाराचा चहा ढोसला. मग हार्डवेअरवाल्याकडून ही स्वस्तातली घेऊन आला. वर रुबाब असा, की जणू गाडी यानेच बनवलीय.

पहिली फेरी सांगलीच्या हायवेवर. टळटळीत ऊन, काचा बंद. दारांतलं डांबर तापलं आणि त्याच्या वासाने माझं डोकं भणभणायला लागलं. तसं मी म्हटलं, तर हा म्हणतो,

"कसला वास? तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. आवाज ऐक. आहे का काही?"

नव्हता. एवढं मात्र खरं. टायरची घरघरसुद्धा बंद झाली होती.

वर्षभर याच गाडीत मी एकच प्रश्न विचारत आलेय. दरवेळी हा कानाकडे बोट दाखवून म्हणायचा, "ऐकू येत नाही, घरी बोलू." घरी टीव्ही चालू असायचा.

आज मी आवाजही चढवला नाही. "माझी आई पडल्यापासून तिला एकटीला उठवत नाही. आपल्याकडे आणू या का तिला?"

त्याने नाक मुरडून चारही काचा खाली केल्या आणि वाऱ्याच्या घोंघाटात ओरडला,

"डांबराचा केवढा वास येतोय गं!"