जिवलीच्या हाती कासरा

मळमळीवर गोळ्या देताना उल्हासनगरच्या डॉक्टरांनी चामटोलीच्या देऊला बजावलं, "जेवणाआधी घ्या. यानं गुंगी येते, गोळ्या चालू आहेत तोवर गाडी चालवायची नाही."

देऊची गाडी म्हणजे बैलगाडी. पण सांगितलं म्हणजे सांगितलं! भात गिरणीवर न्यायला बायको जिवली गाडी हाकायला बसली आणि तो मागे पोत्यांवर आडवा झाला. पहिल्या दिवशी गाव हसलं, तशी दोघंही लाजेनं चूर झाली. पुढे मात्र जिवली बैल दौडवू लागली आणि देऊ आभाळाकडे बघत गाणी म्हणू लागला.

आठवड्यानं दोघं परत दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "पोट बरं झालं. गोळ्या बंद. उद्यापासून खुशाल गाडी चालवा."


दोघंही एकदमच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोळ्या बंद झाल्याचं गावात कोनाला बोलू नका!"