नववी खेळाडू

आठ जणांना बेसबॉल खेळता येत नाही. नऊ लागतातच. आठ उरले की सामना समोरच्या संघाला बहाल.

अल्बनीच्या मैदानावर लीगची फायनल होती. बरोबरीत होती. समोरच्यांचा शेवटचा फलंदाज बाद करणारा झेल विनिताच्या क्लबमधल्या, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या एका पोराने घेतला खरा, पण पडताना त्याचा पाय मुरगळला. दोघांनी उचलून त्याला बाहेर आणलं. कुंपणाबाहेर खुर्चीत बसलेल्या विनिताने राखीव खेळाडूंच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. एक जण बहिणीच्या लग्नाला सिडनीला गेलेला, दुसऱ्याला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती.

कप्तान आयुष धावत कुंपणापाशी आला. इकडेच, लोअर हटमध्ये वाढलेला मराठी पोरगा. क्लबच्या पहिल्या कप्तान म्हणून विनिताला आजचं बोलावणं त्यानेच धाडलं होतं.

"विनितामावशी, अंपायर विचारतोय, मॅच सोडताय का? आमचीच बॅटिंग आहे, फक्त एक रन हवाय. सो क्लोज, यार."

"सोडताय म्हणजे?" विनिता उभी राहिली. "आयुष, त्या क्लबरूममधल्या कपाटात किती कप आहेत?"

"पाच."

"कप कुणाच्याही कपाटात असतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे मैदान नव्हतं. सॉफ्टबॉलवाल्यांचं मैदान रिकामं असेल तेव्हा खेळायचो. दोन सामोअन, एक जपानी, एक अमेरिकन, बाकी कॅन्टीनमधून पकडून आणलेले. आणि मी, अमरावतीची. एकही मॅच जिंकलो नाही. एकदा तर चोवीस-शून्य. पण सोडली एकही नाही. त्यानंतरही आजवर कुणी सोडलेली नाही. मी अजून मेंबर आहे ना?"

"लाइफ मेंबर आहेस. पण..."

"मग कुणाचे बूट मला बसतील ते बघ."

शेजारी बसलेला तिचा नवरा प्रसाद घाबरला. त्याला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं, पण बायकोची कंबर चांगली ठाऊक होती. "विनू, मागच्या आठवड्यात गाडीतून भाजीच्या पिशव्या काढताना काय झालं होतं, विसरलीस?"

"ही पर्स धर," विनिता म्हणाली.

अंपायरने मान डोलावली. डाव सुरू झाला. तीन जण बाद झाले की डाव संपणार; त्यातला पहिला फलंदाज लगेच बाद झाला. मग आयुषने चेंडू पार दूरच्या कुंपणाला नेला आणि थेट तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. तो तिथून होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपर्यंत, पोचला की तो एक रन आणि फायनल खिशात. पुढची पाळी पाय मुरगळलेल्या पोराची होती. म्हणजे आता विनिताची.

ती बॅट घेऊन उभी राहिली तेव्हा समोरच्या संघात हसू पसरलं. वाईट नव्हतं ते, सभ्यच होतं. चेंडू टाकणारा त्यांचा पिचर सहा फुटी, विशीतला. त्याने तिचे पांढरे केस पाहिले. विनिताच्या मागे बसलेल्या त्यांच्या कॅचरने त्याला सांगितलं, "ईझी, ब्रो."

पहिला चेंडू आला तो लहान मुलाला झेल द्यावा तसा. बरोबर मधोमध. कुणीही मारला असता. विनिताने बॅट हलवलीसुद्धा नाही.

"स्ट्राइक!" अंपायर ओरडला.

"मावशी, मार ना!" तिसऱ्या बेसवरून आयुष किंचाळला.

दुसरा चेंडूही तसाच, मऊ. विनिता तशीच उभी. दुसरी स्ट्राइक. आणखी एक गेली की ती बाद. बाकावरच्या पोरांनी डोक्याला हात लावले.

विनिता एक पाऊल मागे सरकली, बॅट पिचरकडे रोखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाली, "मी खेळायला आलेय. जसा आयुषला टाकलास, तसा टाक."

पिचरचं हसू गेलं. त्याने टोपीला हात लावला.

पुढचा चेंडू तिला नीटसा दिसलाच नाही, फक्त ऐकू आला. बॅट फिरली कशी ते तिच्या हातांनाच ठाऊक. चेंडू कड घेऊन मागच्या जाळीवर आदळला. फाउल, म्हणजे अजून बाद नाही. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या, आणि विनिताच्या चेहऱ्यावर एकदम रंग चढला. अस्साच. अमरावतीच्या ग्राउंडवर चेंडू असेच यायचे.

त्यानंतरचा तिला दिसला. तिने तो मारला. मारला कसला, लागला. घरंगळत पिचर आणि पहिल्या बेसच्या मधे गेला. विनिता धावली. कंबर, गुडघे, सगळं बरोबर घेऊन धावली. पिचरने झेपावून चेंडू उचलला, होम प्लेटच्या अगदी जवळ पोचलेल्या आयुषकडे पाहिलं, आणि मग वळून पहिल्या बेसकडे फेकला. विनिता पोचायच्या आत चेंडू पोचला. अंपायरने मूठ वर केली. आउट.

मागे प्रचंड ओरडा झाला.

प्रसाद पर्स छातीशी धरून कुंपणाच्या दारातून आत धावत आला. विनिता गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती.

"विनू, तुला आउट दिलं ना त्याने?"

"दिलं."

"मग ही पोरं नाचतायत कशाला?"

होम प्लेटपाशी पोरांचा ढीग झाला होता आणि त्याच्या तळाशी कुठंतरी धुळीने माखलेला आयुष होता. विनिताने घाम पुसला.

"मी आउट झाले म्हणून," ती म्हणाली, आणि लंगडत त्या ढिगाकडे पळत सुटली.